दूध गरजेपेक्षा जास्त येत असताना ते कमी करणे आणि बाळाला सावकाश फॉर्म्युलावर आणणे

भांडुपला राहणाऱ्या एका आईने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. बाळ 13 आठवड्यांचे आहे; जन्माच्या वेळी 3 किलो होते, आता 6.8 किलो आहे. अंगावर घेतले की पहिल्याच मिनिटाला त्याला ठसका लागतो, ते स्तन सोडून रडू लागते आणि दुधाची धार त्याच्या चेहऱ्यावर उडते. शी हिरवट आणि फेसाळ होते, पोटात सतत गॅस असतो. दूध कमी पडू नये म्हणून पहिल्या महिन्यात कोणीतरी पंप वापरायला सांगितला, ती सवय सुटली नाही आणि आजही बाळाला पाजून झाल्यावर दिवसातून चार वेळा, दर खेपेस 100 मिलिलिटरच्या आसपास दूध निघते. दोनदा स्तनात गाठ होऊन ताप आला. दहा आठवड्यांनी नरिमन पॉइंटच्या कार्यालयात रुजू व्हायचे आहे, तिथे पंप करायला आडोसा नाही, जाण्यायेण्यात तीन तास जातात, म्हणून तोवर बाळाला पूर्णपणे फॉर्म्युलावर, म्हणजे डब्यातल्या पावडरीपासून केलेल्या दुधावर, आणायचे त्यांनी ठरवले आहे. सासूबाईंना हे पटत नाही. आलेले दूध कमी का करायचे, असे त्या विचारतात. दूध कमी कसे करावे, फॉर्म्युला कसा सुरू करावा आणि यात बाळाचे काही बिघडणार नाही ना, हे त्यांचे तीन प्रश्न आहेत.

मी गेली 22 वर्षे मुंबईत स्तनपान सल्लागार म्हणून काम करते आहे. दूध कमी पडते अशी तक्रार घेऊन येणाऱ्या आयांकडे सगळे सहानुभूतीने पाहतात, पण दूध जास्त येते म्हणून रडकुंडीला आलेल्या आईचे दुःख घरात कोणालाच खरे वाटत नाही. म्हणून सर्वांत आधी हे सांगते की तुमचा त्रास खरा आहे, त्याला उपाय आहे, आणि दहा आठवडे हा त्यासाठी पुरेसा काळ आहे. मात्र ही दोन वेगळी कामे आहेत आणि त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी दूध बाळाच्या गरजेइतके खाली आणायचे आणि ते स्थिरावल्यावरच एकेक पाजणे फॉर्म्युलाने बदलायचे. जास्तीच्या दुधावर थेट दूध तोडायला गेलेल्या आयांना मी तिसऱ्या-चौथ्या दिवशी ताप आणि दगडासारखी छाती घेऊन येताना पाहिले आहे.

स्तनात दूध भरून ठेवलेले नसते. ते मागणीप्रमाणे तयार होते. बाळंतपणानंतरचे पहिले काही आठवडे हे काम प्रामुख्याने शरीरातील संप्रेरकांच्या जोरावर चालते, पण पुढे प्रत्येक स्तन आपला हिशेब स्वतः ठेवू लागतो: किती दूध बाहेर गेले, तितके तयार करायचे. रिकामा झालेला स्तन भराभर दूध बनवतो, भरून राहिलेला स्तन सावकाश बनवतो. एक ते सहा महिन्यांचे बाळ दिवसाला सरासरी 750 ते 800 मिलिलिटर दूध पिते. तुम्ही त्यावर रोज 400 मिलिलिटर पंपाने काढत आहात, म्हणजे घरात दीड बाळ आहे अशी तुमच्या शरीराची समजूत झाली आहे आणि ते इमानेइतबारे दीड बाळाचे दूध तयार करते आहे. पंप हे दूध वाया जाण्यापासून वाचवत नसून तोच ते निर्माण करतो आहे, हे एकदा नीट लक्षात आले की पुढची वाट सोपी होते.

बाळाची लक्षणेही याच्याशी जुळतात. पान्हा जोरात फुटतो तेव्हा बाळाला गिळायला आणि श्वास घ्यायला सवड मिळत नाही, म्हणून ठसका लागतो आणि दुधाबरोबर हवा पोटात जाते. भरलेल्या स्तनातून सुरुवातीला येणारे दूध पातळ असते, त्यात स्निग्धांश कमी असतो. बाळ त्यानेच पोट भरते, ते आतड्यातून लवकर पुढे सरकते, त्यातील सगळी साखर पचत नाही आणि हिरवी, फेसाळ शी होते. वजन मात्र उत्तम वाढते, आणि हीच या त्रासाची खूण आहे. शीमध्ये रक्ताचे धागे दिसले, अंगावर चट्टे आले, सारखी उलटी होऊ लागली किंवा वजन अडले, तर कारण वेगळे असू शकते आणि बालरोगतज्ज्ञांना दाखवायला हवे.

पंपाला हात घालण्यापूर्वी आपल्या ताटात आणि औषधांच्या डब्यात काय आहे ते पाहा. बाळंतिणीला दूध यावे म्हणून आपल्याकडे अळिवाची खीर, मेथीचे लाडू, शतावरी कल्प, बाळंतशोपा असे पुष्कळ काही दिले जाते, आणि तीन महिने झाले तरी ते चालूच राहते. शतावरी आणि मेथी आता बंद करा. अळिवाची खीर सासूबाईंनी मायेने केलेली असेल तर एखादी वाटी खाल्ल्याने आकाश कोसळणार नाही, पण रोज नको. अनेक आयांना सुरुवातीला दूध वाढवण्यासाठी डोम्पेरिडॉनच्या गोळ्या दिलेल्या असतात आणि त्या थांबवायचे सांगायला सगळे विसरतात. तुम्ही त्या घेत असाल तर मनाने एकदम न सोडता डॉक्टरांना विचारून उतरवत आणा. पंप कमी करूनही दोन-तीन आठवड्यांत फरक पडला नाही तर थायरॉइडची तपासणी करून घ्यावी.

आता पंप. तो एका दिवसात बंद करू नका. चार खेपांपैकी ज्या वेळी छाती सर्वांत हलकी असते, बहुतेकींच्या बाबतीत ती संध्याकाळची असते, ती खेप आधी निवडा. त्या खेपेला 100 ऐवजी 80 मिलिलिटर निघाले की पंप थांबवा, दोन-तीन दिवसांनी 60, मग 40, आणि मग ती खेप सोडून द्या. पहिली सुटत आली की दुसरी सुरू करा. रात्रीची खेप शेवटी सोडा, कारण पहाटे छाती सर्वांत जास्त भरते आणि घाईने सोडलेली रात्रीची खेप सकाळी गाठ होऊन समोर येते. मधल्या काळात छाती ताणली गेली तर हाताने चार-सहा वेळा हलके दाबून फक्त ताण उतरेल इतकेच दूध काढा. किती काढायचे याचे माप बाटलीवर पाहू नका. "आता दुखत नाही" असे वाटले की थांबा. पाजताना दुसऱ्या बाजूला लावून ठेवायचा सिलिकॉनचा पंप वापरत असाल तर तोही काढून टाका. गळणारे दूध गोळा होते म्हणून तो निरुपद्रवी वाटतो, पण तो ओढ लावतो आणि तेवढीच मागणी नोंदली जाते.

पंप सुटल्यावर आठवडाभरात बऱ्याच जणींचे दूध आपोआप जागेवर येते. तसे झाले नाही तर ठराविक तास एकाच बाजूने पाजण्याची पद्धत वापरता येते. समजा सकाळी 9 ते 12 या वेळात बाळाने कितीही वेळा मागितले तरी उजवीकडेच घ्यायचे, 12 ते 3 डावीकडे, आणि याप्रमाणे पुढे. ज्या बाजूला विश्रांती आहे ती भरून राहते आणि तिथले उत्पादन मंदावते. ज्या बाजूला बाळ पुन्हा पुन्हा लागते तिथले दूध घट्ट होत जाते आणि शी पिवळी होऊ लागते. ही पद्धत दिवसा वापरावी, रात्री बाळ मागेल तसे पाजावे, आणि चार-पाच दिवसांपलीकडे ती एखाद्या सल्लागाराच्या देखरेखीशिवाय चालू ठेवू नये, कारण दूध गरजेपेक्षा खाली जाऊ शकते. बाळ 24 तासांत सहा किंवा त्याहून अधिक वेळा भरपूर लघवी करते ना, याकडे लक्ष ठेवा. तुमच्या बाळाचे वजन आतापर्यंत दिवसाला 40 ग्रॅमने वाढले आहे. तीन महिन्यांनंतर ते साधारण 15 ते 20 ग्रॅमने वाढू लागले तर घाबरू नका, त्या वयाला तेच अपेक्षित असते.

दूध खाली येईपर्यंत ठसक्यावर उपाय म्हणजे पाजण्याची बैठक बदलणे. पलंगाच्या डोक्याशी दोन उशा लावून मागे रेला, इतके की छतावरचा पंखा सहज दिसावा, आणि बाळाला पोटावर पोट ठेवून पालथे घ्या. आता दुधाला वर चढावे लागते, बाळाचे डोके मोकळे असते आणि धार सोसवली नाही तर ते स्वतः मान उचलून बाजूला होऊ शकते. माझ्याकडे आलेल्या एका आईने पहिल्यांदा असे घेतले तेव्हा तिच्या बाळाने नेहमीप्रमाणे दोन्ही मुठी आवळल्या होत्या. पान्हा फुटला, त्याने एकदा तोंड सोडले, थोडे दूध ओघळले, पुन्हा धरले, आणि तीन-चार मिनिटांनी त्याची एकेक बोटे उलगडून आईच्या छातीवर पसरली. घरच्यांना हे आडवे होऊन पाजणे विचित्र वाटेल, दूध कानात जाईल असे कोणी म्हणेल. बाळ वर आणि आई खाली असल्यामुळे तसे होत नाही.

गाठींविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण तुम्हाला दोनदा ताप येऊन गेला आहे आणि याबाबतीत घरोघरी उलटे उपचार चालतात. गाठ आली की गरम शेक द्या, जोरात चोळा आणि पंपाने छाती पूर्ण रिकामी करा, असे आम्हीही एकेकाळी सांगत असू. अकादमी ऑफ ब्रेस्टफीडिंग मेडिसिन या आंतरराष्ट्रीय संस्थेने 2022 मध्ये याबाबतची मार्गदर्शक तत्त्वे बदलली आणि तेव्हापासून मी माझा सल्ला बदलला आहे. गाठ म्हणजे नळीत अडकलेला दुधाचा गोळा असतो आणि तो दाबून बाहेर काढायचा असतो, ही समजूत चुकीची आहे. आतल्या पेशीजालाला सूज आल्यामुळे नळ्या दबलेल्या असतात. पाय मुरगळल्यावर जसे आपण बर्फ लावतो आणि चोळत नाही, तसेच इथे करायचे. सुती फडक्यात बर्फ गुंडाळून दहा-पंधरा मिनिटे ठेवा, दर तास-दोन तासांनी पुन्हा ठेवा. आम्लपित्त, दमा किंवा मूत्रपिंडाचा त्रास नसेल तर डॉक्टरांना विचारून आयब्युप्रोफेन घेता येते. ते स्तनपान करताना चालते. त्या बाजूने नेहमीइतकेच पाजा, जास्त नाही आणि कमीही नाही. मालिशवाल्या बाईंना छातीला हात लावू देऊ नका. बाळाला त्या कितीही छान न्हाऊ-माखू घालोत, सुजलेला स्तन अंगठ्याने रगडल्यावर दुसऱ्या दिवशी तो लालबुंद होऊन माझ्याकडे आलेल्या आया मी पाहिल्या आहेत.

जुन्या साडीने किंवा ओढणीने छाती आवळून बांधण्याचा सल्लाही मानू नका. त्याने दूध आटण्याऐवजी गाठी होतात. आधार देणारी, तार नसलेली, रुतणार नाही अशी ब्रा पुरे. फ्रिजमधील कोबीची पाने छातीवर ठेवल्याने थंडावा मिळतो, त्यापलीकडे त्यांच्याकडून फार अपेक्षा ठेवू नये. दक्षिणेकडे मोगऱ्याची फुले छातीवर बांधण्याची रीत आहे, तिच्यावर 1988 मध्ये अभ्यासही प्रसिद्ध झाला आणि दूध कमी होण्यास फुलांची मदत होते असे त्यात दिसले; त्याने अपाय नाही, पण तुमच्या योजनेला तो पर्याय नव्हे. 24 तासांत उतरला नाही असा 101 अंशांच्या पुढचा ताप, थंडी वाजणे, पसरत जाणारा लाल चट्टा किंवा हाताला मऊ, पाणी भरल्यासारखी लागणारी गाठ, यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. पू झाला असेल तर तो सोनोग्राफी करून काढावा लागतो आणि तिथे घरगुती उपायांना जागा नाही.

एका गोळीने दूध बंद करता येत नाही का, असेही तुमच्या मनात आले असेल. कॅबरगोलिन हे औषध आहे, पण ते प्रसूतीनंतर लगेच दूध येऊच नये म्हणून जितके उपयोगी पडते, तितके स्थिरावलेल्या दुधावर पडत नाही. शिवाय रक्तदाबाचा किंवा मानसिक आजाराचा इतिहास असलेल्या स्त्रियांनी ते टाळावे लागते. पूर्वी यासाठी सर्रास दिले जाणारे ब्रोमोक्रिप्टिन अमेरिकेत गंभीर दुष्परिणामांमुळे 1990च्या दशकात या कामासाठी मागे घेतले गेले. तुमच्याकडे दहा आठवडे असताना मी गोळीच्या वाटेला जाणार नाही.

फ्रीजरमध्ये साठलेल्या दुधाचा उपयोग आहे आणि तो पुढे सांगते. वेगळे दार असलेल्या फ्रीजरमध्ये ते सहा महिने चांगले राहते. फ्रिजचे एकच दार असून आत बर्फाचा कप्पा असेल तर दोन आठवड्यांत वापरावे. बाहेर काढून वितळलेले दूध फ्रिजमध्ये 24 तास चालते, ते पुन्हा गोठवू नये. मुंबईच्या उकाड्यात ताजे काढलेले दूध ओट्यावर चार तासही ठेवू नका, लगेच फ्रिजमध्ये ठेवा, आणि दारातल्या खणात न ठेवता मागच्या बाजूला ठेवा. तुम्हाला हे दूध दान करायचे असेल तर आपल्या शहरात त्याची सोय फार जुनी आहे. आशियातील पहिली मानवी दूध पेढी 1989 मध्ये डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने आपल्या शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात सुरू झाली. तिथे दात्या आईची एचआयव्ही, कावीळ बी इत्यादींसाठी रक्ततपासणी होते, दूध 62.5 अंश सेल्सियसवर 30 मिनिटे तापवून निर्जंतुक केले जाते आणि ज्यांच्या आयांना अजून दूध आलेले नाही अशा अपुऱ्या दिवसांच्या बाळांना ते मिळते. घरी गोठवलेले दूध स्वीकारतात का आणि कोणत्या भांड्यात साठवलेले हवे, हे आधी विचारून घ्या. दान करायला मिळते म्हणून पंप चालू ठेवण्याचा मोह मात्र टाळा. खेपा कमी करताना जे निघेल तेवढेच द्यावे. ओळखीपाळखीतून, तपासणीशिवाय दूध देणे किंवा घेणे योग्य नाही.

पहिले तीन आठवडे असे गेल्यावर दूध तोडण्याच्या कामाला लागायचे. तुमच्या मनात निश्चय झालेला आहे आणि मी तो बदलायला बसलेली नाही, पण एक गोष्ट सांगणे माझे कर्तव्य आहे. पहिले सहा महिने केवळ आईचे दूध आणि पुढे दोन वर्षे किंवा अधिक काळ इतर अन्नाबरोबर ते चालू, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. आईच्या दुधातील प्रतिपिंडे कोणत्याही डब्यात नसतात आणि फॉर्म्युलावरच्या बाळांना जुलाब व कानाचे संसर्ग तुलनेने जास्त होतात. तुमच्यासारखी दूध चांगले असलेली आई पहाटेचे आणि रात्रीचे, अशी दोन पाजणी सहज टिकवू शकते. दिवसाची पाजणी हळूहळू सुटलेली असतील तर कार्यालयात पंप करावा लागत नाही आणि लोकलच्या गर्दीत छाती भरूनही येत नाही. तसे करायचे की नाही हे शेवटच्या टप्प्यावर ठरवता येईल, म्हणून ती दोन पाजणी आपण यादीत शेवटी ठेवू. कायद्याचेही माहीत असावे: प्रसूती लाभ कायद्यातील 2017 च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन अपत्यांसाठी 26 आठवड्यांची प्रसूती रजा आहे, 50 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सोय बंधनकारक आहे, आणि मूल 15 महिन्यांचे होईपर्यंत दिवसातून दोनदा पाजण्यासाठी सुट्टीचा हक्क आहे. आडोसा नाही असे तुम्ही लिहिले आहे. मागून पाहायला हरकत नाही.

आता बदलाची गती. बाळ दिवसातून आठ वेळा पीत असेल तर दर पाच-सहा दिवसांनी एक पाजणे बदलायचे. सात आठवड्यांत सगळे बसते. पहिले दुपारचे घ्या, दुसरे त्याला लागून नको, सकाळी उशिराचे किंवा संध्याकाळचे घ्या, म्हणजे छातीला सलग बारा तास भरून राहावे लागणार नाही. बदललेल्या वेळेला छाती ताणली तर पूर्वीप्रमाणेच जरासे काढा. पाच दिवसांनंतरही त्या वेळेला ताण येत असेल तर पुढचे पाऊल आणखी काही दिवस थांबवा. दिनदर्शिकेपेक्षा छाती काय सांगते ते ऐका. फॉर्म्युला पोटात जास्त वेळ राहतो, त्यामुळे आठ पाजण्यांच्या जागी आठ बाटल्या लागत नाहीत. पूर्ण बदल होईपर्यंत बाळ बहुधा पाच-सहा वेळांवर येते आणि शेवटची एक-दोन पाजणी आपोआप गळून जातात.

पहिल्यांदा देताना फ्रीजरमधले तुमचेच दूध द्या. भांडे नवे, देणारा माणूस नवा आणि चवही नवी, असे तीन बदल एकाच दिवशी बाळावर लादू नयेत. दोन-तीन दिवसांनी त्यात एक चतुर्थांश फॉर्म्युला मिसळा, मग निम्मा, मग पूर्ण. मिसळताना फॉर्म्युला आधी पाण्यात लेबलप्रमाणे तयार करायचा आणि मग त्यात आईचे दूध घालायचे. आईच्या दुधात कोरडी पावडर कधीही घालू नका, त्याने क्षार आणि प्रथिने फार घट्ट होतात आणि बाळाच्या मूत्रपिंडांवर ताण येतो. देणारे माणूस तुम्ही नसावे, कारण तुमच्या अंगाला दुधाचा वास असतो आणि बाळ मान वळवून तेच शोधते. इथे मी सासूबाईंना पुढे करायला सुचवेन. तुमच्या गैरहजेरीत बाळ त्यांच्याजवळच राहणार आहे, आणि या वयाच्या अनेक आजींना वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने पाजायचे कसब अजून हातात असते. वाटी-चमचा स्वच्छ करायला सोपा, त्यामुळे मी त्याला पहिली पसंती देते. बाटलीच घ्यायची असेल तर बाळाला जवळजवळ बसते धरा, बाटली आडवी ठेवा, दर थोड्या घोटांनी खाली करा आणि बाळाने तोंड फिरवले की थांबा, उरलेले संपवायला लावू नका. एका पाजण्यासाठी 90 ते 120 मिलिलिटरने सुरुवात करावी. पूर्ण फॉर्म्युलावर आल्यावर दिवसाला वजनाच्या किलोमागे सुमारे 150 मिलिलिटर हे ढोबळ माप असते, तरी दिवसाचे एकूण साधारण एक लिटरच्या पुढे जाऊ देऊ नये.

कोणता डबा घ्यायचा ते बालरोगतज्ज्ञ सांगतील. मी कंपनीचे नाव सांगत नाही आणि सांगणारही नाही. 1992 च्या कायद्याने आपल्याकडे अर्भकांच्या दुधाच्या जाहिरातीला आणि प्रचाराला बंदी आहे आणि ती योग्यच आहे. सहा महिन्यांपर्यंतच्या बाळांसाठीचा, गायीच्या दुधापासून केलेला साधा फॉर्म्युला निरोगी बाळाला पुरतो. गायीचे, म्हशीचे किंवा पिशवीचे दूध, पाणी घालून असो वा न घालता, वर्षाच्या आत मुख्य दूध म्हणून देऊ नये.

करण्याच्या पद्धतीत मात्र तडजोड नाही, विशेषतः पावसाळ्यात. पावडर निर्जंतुक नसते, म्हणून पाणी नुसते उकळलेले असून भागत नाही, ते मिसळताना 70 अंश सेल्सियसहून गरमही हवे. पाणी खळखळून उकळा, शुद्धीकरण यंत्राचे असले तरी उकळा, झाकून ठेवा आणि अर्ध्या तासाच्या आत वापरा. आधी पाणी मोजून बाटलीत किंवा वाटीत घ्यायचे, मग पावडर. बहुतेक डब्यांवर 30 मिलिलिटर पाण्याला एक चमचा असे प्रमाण असते, तरी आपल्या डब्यावरचे वाचा आणि त्यातलाच चमचा वापरा. हा चमचा भरून त्यावरून स्वच्छ, कोरड्या सुरीची पाठ फिरवायची. चमचा शिगोशीग भरला, किंवा डब्याच्या कडेला दाबून सपाट केला, तर पावडर ठासली जाते आणि दूध घट्ट होते. घरातल्या सगळ्यांना हे एकदा करून दाखवा, कारण "जरा पोटभर होऊ दे" म्हणून अर्धा चमचा जास्त आणि महिनाअखेरीस डबा पुरवायचा म्हणून एक चमचा कमी, हे दोन्ही मी घरोघरी पाहते आणि दोन्ही बाळाला घातक आहेत. तयार बाटली वाहत्या पाण्याखाली गार करा आणि मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकून पाहा. केलेले दूध दोन तासांत वापरा, बाळाने तोंड लावलेले तासाभराने ओतून द्या. दमट हवेत डब्यातली पावडर गोळे धरते. ओला चमचा आत जाऊ देऊ नका आणि डबा उघडल्याची तारीख झाकणावर लिहून महिन्याभरात संपवा. बाहेर जाताना थर्मासमध्ये गरम पाणी आणि कोरड्या डबीत मोजलेली पावडर वेगवेगळी न्या.

शी आता दाट आणि तपकिरी होईल, कदाचित एक दिवसाआड होईल. ती मऊ असेल तर चिंता नको. सहा महिने पूर्ण झाले की उष्टावण करून पेज, वरण-भात, नाचणीचे सत्त्व असे वरचे अन्न सुरू करता येईल, पण ज्या आठवड्यात शेवटचे पाजणे सोडत असाल त्याच आठवड्यात नको.

आता तुमच्याविषयी. दूध कमी होताना प्रोलॅक्टिन आणि ऑक्सिटोसिन ही संप्रेरके उतरतात आणि काहीजणींना उगीच रडू येणे, झोप उडणे, कशातच मन न लागणे असे होते. सावकाश दूध तोडण्याचे हेही एक कारण आहे. हे दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकले, किंवा स्वतःला वा बाळाला इजा करण्याचे विचार एकदाही मनात आले, तर वाट पाहू नका, त्याच दिवशी घरात कोणाला तरी सांगा आणि डॉक्टरांना भेटा. दुसरे असे की केवळ अंगावर पाजत असताना, पाळी आलेली नसताना आणि बाळ सहा महिन्यांच्या आतले असताना गर्भधारणेपासून जे नैसर्गिक संरक्षण मिळते, ते फॉर्म्युला सुरू केल्यावर गृहीत धरता येत नाही. पाळी येण्याआधीही गर्भ राहू शकतो, त्यामुळे पहिले पाजणे बदलण्याच्या आठवड्यातच गर्भनिरोधनाबद्दल डॉक्टरांशी बोलून घ्या.

शेवटचे पाजणे सुटल्यानंतरही कित्येक आठवडे, कधी महिने, आंघोळीच्या वेळी किंवा दुसऱ्याचे बाळ रडले तरी दोन-चार थेंब येतील. आटले की नाही हे पाहण्यासाठी दाबून पाहू नका, कारण प्रत्येक दाबणे ही मागणीच असते. सहा महिन्यांनंतरही दूध आपोआप येत राहिले, स्राव रक्ताळलेला असला किंवा एखादी गाठ दोन आठवड्यांत विरघळली नाही, तर स्तनाची तपासणी करून घ्या. रुजू होण्याच्या पहिल्या आठवड्यात पर्समध्ये ब्रेस्ट पॅडचे दोन जोड आणि एक गडद रंगाची ओढणी असू द्या, आणि छाती ताणली तर प्रसाधनगृहात मिनिटभर हाताने ताण उतरेल एवढेच दूध काढा.